'रेज्जेन्त्सा': मुख्याध्यापकाच्या सहीखाली पण आणि व्याकरणात पण? मराठीत काय लिहावं?

मारेगाव_रोड

नमस्कार मंडळी. इटलीतून परत आलेल्या एका पोराचे तिथल्या शाळेचे कागद मराठीत करून द्यायचे आहेत. प्रवेश जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्यायचा आहे, यवतमाळ जिल्हा. दोन कागद आहेत: एक 'नुल्ला ओस्ता' (ना हरकत दाखला) आणि एक गुणपत्रक.

सहीपाशी छापलंय 'इल दिरिजेन्ते स्कोलास्तिको रेज्जेन्ते'. यातला 'दिरिजेन्ते स्कोलास्तिको' म्हणजे मुख्याध्यापक, अडलंय ते 'रेज्जेन्ते'वर. कोशात 'रेज्जेन्ते'ला 'राजप्रतिनिधी' दिलाय, आणि 'रेज्जेन्त्सा'ला 'राजप्रतिनिधित्व'. शाळेच्या दाखल्यावर राजप्रतिनिधी लिहिला तर गुरुजी हसतील. त्यात भर म्हणजे इटालियन शिकायच्या पुस्तकात एक अख्खा धडा 'क्रियापदांची रेज्जेन्त्सा' या नावाचा आहे, तिथं ना शाळा ना राजा.

विचारायचं हे की सहीखाली नेमकं काय लिहू, व्याकरणातल्याला मराठीत काय म्हणतात, आणि हा एकच शब्द आहे की दोन वेगळे?

आणखी एक. कागदावर वर्ग 'सेकोन्दा' लिहिलाय, म्हणजे दुसरी. पोरगा बारा वर्षांचा आहे. ही चूक त्यांची का माझी?

दप्तर_कारकून

आधी वर्गाचं, कारण ते चुकलं तर पोराचं नुकसान. 'क्लास्से सेकोन्दा'च्या पुढं काय लिहिलंय ते वाचा. 'देल्ला स्कुओला सेकोन्दारिया दि प्रीमो ग्रादो' असेल तर ती आपली सातवी. तिकडं प्राथमिक पाच वर्षांची, मग पहिल्या टप्प्याची माध्यमिक तीन वर्षांची, आणि प्रत्येक टप्प्यात मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे त्यांची माध्यमिक पहिली ती आपली सहावी, दुसरी ती सातवी, तिसरी ती आठवी. नुसतं 'दुसरी' लिहू नका. 'माध्यमिक पहिला टप्पा, दुसरे वर्ष (इयत्ता सातवीशी समकक्ष)' असं लिहा.

आता सही. 'रेज्जेरे' म्हणजे धरून ठेवणं, तोलून धरणं, चालवणं. छताला खांब रेज्जेरे करतो, राजा राज्य रेज्जेरे करतो. प्रशासनात 'रेज्जेन्त्सा' म्हणजे रिकाम्या खुर्चीचं काम तात्पुरतं दुसऱ्या कुणाकडं देणं. यात 'रिकामी' हा शब्द महत्त्वाचा. पदावर माणूस आहे पण रजेवर किंवा आजारी आहे, तर त्याच्या जागी काम करणाऱ्याला तिकडं 'सुप्लेन्ते' म्हणतात आणि त्या व्यवस्थेला 'सुप्लेन्त्सा'. पदावर कुणीच नेमलेलं नाही, नेमणूक व्हायची आहे, तेव्हा 'रेज्जेन्त्सा'. तिथल्या न्यायालयांनी हा फरक पक्का धरलाय. रेज्जेन्त्सा ही असाधारण आणि तात्पुरती व्यवस्था. जागा भरायची प्रक्रिया सुरूच केली नाही आणि माणूस तसाच वर्षानुवर्षं बसवून ठेवला, तर ती रेज्जेन्त्सा राहत नाही. मग ते वरच्या पदाचं काम करून घेणं ठरतं आणि वेतनातला फरक मागायचा हक्क उभा राहतो. सरकारी नोकरांसाठीच्या २००१ च्या १६५ क्रमांकाच्या वटहुकुमातल्या कलम ५२ मध्ये मुदत दिली आहे: रिकाम्या जागेवर वरच्या पदाचं काम सहा महिने, आणि भरती सुरू केली असेल तरच बारा महिन्यांपर्यंत. काम सोपवल्यापासून जास्तीत जास्त ९० दिवसांत ती प्रक्रिया सुरू व्हायला हवी. कागदावर असं आहे. जागा प्रत्यक्षात किती वर्षं रिकाम्या राहतात ते आपल्याकडं तलाठी साझ्यांवर पाहतोच, तिकडचं फार वेगळं नाही.

नगरपालिकेच्या सचिवासाठी त्यांच्याकडं अजून एक झकास शब्द आहे, 'आ स्काव्हाल्को'. एक पाय इकडं, एक तिकडं. एकच सचिव दोन गावं सांभाळतो तेव्हा. तीन गावचं दप्तर एका पिशवीत घेऊन फिरणारा माणूस ज्यानं पाहिलाय त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, एवढी खटपट काऊन? दोन्हीले 'कार्यभार' म्हना न बाप्पा. शब्दानं विभक्तीचा कार्यभार घेतला, मास्तरानं शाळेचा. अन् सहीखाली 'प्रभारी मुख्याध्यापक' लिहा, झालं. आपल्या इकडे प्रभारी म्हटलं का सबन समजते.

दप्तर_कारकून

ठेचाभाऊ, सबन समजते हे खरं, पण चुकीचं समजते. आपल्या जिल्हा परिषद शाळेत 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हटलं की कोण डोळ्यांपुढं येतो? त्याच शाळेतला सगळ्यात जुना शिक्षक. मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही किंवा रिकामं आहे, म्हणून त्याच्याकडं चार्ज. इटलीतला शाळेचा रेज्जेन्ते तसा नसतो. तो दुसऱ्या शाळेचा पूर्णवेळ, रीतसर नेमलेला प्रमुख असतो. स्वतःची शाळा सांभाळून त्याला ही दुसरी दिलेली असते, प्रांताच्या शिक्षण कार्यालयाच्या आदेशानं, एका शालेय वर्षापुरती. आपल्या आदेशातली भाषा आठवा: 'आपल्या मूळ पदाचे कामकाज सांभाळून … या पदाचा अतिरिक्त कार्यभार'. तंतोतंत तेच. म्हणून 'अतिरिक्त कार्यभार', 'प्रभारी' नाही.

त्याच शाळेतल्या ज्या शिक्षकाकडं काम असतं त्याला तिकडं 'विकारियो' म्हणतात, म्हणजे उपमुख्याध्यापकासारखा. नुसती 'एफ. एफ.' अशी दोन अक्षरं असतील तर ती 'फाचेन्ते फुन्त्सियोनी', त्या पदाची कामं करणारा. त्याला 'प्रभारी' किंवा 'कार्यवाहू' चालेल. आणि 'पेर इल दिरिजेन्ते' असेल तर ते आपलं सहीशेजारचं 'करिता'. चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांनाही 'प्रभारी' म्हटलं तर सही कुणी कोणत्या अधिकारात केली ते कळणार नाही.

असे रेज्जेन्ते तिकडं का बोकाळले तेही सांगतो. २०११ च्या कायद्यांनी ठरवलं की ६०० पेक्षा कमी मुलं असलेल्या शाळेला (डोंगराळ गावं, छोटी बेटं, भाषिक अल्पसंख्याकांचा भाग इथं ४००) कायमचा प्रमुख द्यायचा नाही, शेजारच्याकडं रेज्जेन्त्सा द्यायची. त्यानंतर हे आकडे आणि पद्धत बदलत गेली, पण शब्द सहीखाली बसला तो बसलाच. तिथली 'शाळा' म्हणजे एक इमारत नव्हे हेही ध्यानात ठेवा. एका 'इस्तितूतो कोम्प्रेन्सीव्हो'मध्ये चार-पाच गावांतल्या शाळा असतात, प्रत्येक इमारत म्हणजे 'प्लेस्सो'. आपल्या केंद्रासारखं काहीसं, फक्त केंद्रप्रमुखालाच मुख्याध्यापकाचे सगळे अधिकार.

तारीख तपासा. तिथलं शालेय वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. दोन कागदांवर दोन वेगवेगळे रेज्जेन्ते दिसले आणि मधे सप्टेंबर पडत असेल, तर ती खोट नाही. आदेश बदलला एवढंच.

उपपद

व्याकरणाचं मी सांगते. ठेचाभाऊंचा 'कार्यभार' इथंही चालणार नाही, आणि कारण गंमतीचं आहे. कचेरीतली रेज्जेन्त्सा खुर्ची रिकामी असते म्हणून जन्माला येते आणि माणूस नेमला की संपते. व्याकरणातली कधीच संपत नाही. ती शब्दाच्या स्वभावातच असते.

दहावीला संस्कृत घेतलेलं पोरगंही हे ओळखेल. 'नमः' आलं की चतुर्थी: गुरवे नमः. 'सह' आलं की तृतीया: रामेण सह. याला आपण उपपदविभक्ती म्हणतो. शेजारच्या पदामुळं येणारी विभक्ती. क्रियापदामुळं येते ती कारकविभक्ती. दोघींत भांडण झालं तर कारकविभक्ती जिंकते, म्हणून 'गुरवे नमः' पण 'गुरुं नमस्करोति'. इटालियन 'रेज्जेन्त्सा'त या दोन्ही येतात: कोणता शब्द आपल्यापुढच्या शब्दाकडून काय मागतो, ते. मराठी पुस्तकांत एकच सर्वमान्य शब्द रुळलेला नाही. मी 'विभक्ती-अपेक्षा' लिहिते, कारण 'आकांक्षा' आणि 'अपेक्षा' हे शब्द आपल्या शास्त्रात आधीपासून याच अर्थाच्या जवळ आहेत. 'नियमन' किंवा 'शासन' म्हटलं की पुन्हा तहसील कचेरी डोळ्यांपुढं येते.

मराठीत ही गोष्ट दोन जागी दिसते. शब्दयोगी अव्यय सामान्यरूप मागतं: पाऊस, पण 'पावसामुळे'. घोडा, पण 'घोड्यावर'. आणि क्रियापद ठराविक प्रत्यय मागतं: बोलणे 'शी', विश्वास ठेवणे 'वर', विचारणे 'ला'. वऱ्हाडीत 'त्याले विचार' म्हटलं तरी मागणी तीच राहते, 'ला'च्या जागी 'ले' आला इतकंच. मागणी वेगळी, प्रत्ययाचं रूप वेगळं. पुष्कळ जण या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि बोलीत 'विभक्ती चुकते' असं म्हणतात. चुकत काही नाही. गावाच्या नावांत तर रूपही दिसत नाही: 'घराजवळ' होतं, पण 'नागपूरजवळ' तसंच राहतं. 'जवळ'ची मागणी मात्र दोन्हीकडं सारखीच.

इटालियनमध्ये नामांच्या विभक्ती उरल्याच नाहीत, म्हणून रेज्जेन्त्सा दिसते ती शब्दाआधी येणाऱ्या छोट्या अव्ययांत आणि सर्वनामांत. पाठच करावी लागते. 'सुरू करणे' कोमिंचारे, त्यापुढं 'आ'. 'संपवणे' फिनीरे, त्यापुढं 'दि'. तर्क चालत नाही. पेन्सारे 'आ' म्हणजे कुणाचा विचार करणं, आठवण काढणं. पेन्सारे 'दि' आणि पुढं क्रियापद म्हणजे बेत असणं. अव्यय बदललं की अर्थच बदलला.

मराठी माणूस नेमका कुठं पडतो तेही सांगते, कारण पुस्तकं इंग्रजीवाल्यांच्या चुका गृहीत धरून लिहिलेली असतात. आपण 'त्याला मदत करतो' आणि 'त्याला फोन करतो' दोन्हीकडं 'ला' लावतो. त्यांच्याकडं मदत करणे, आयुतारे, थेट कर्म घेतं, म्हणून सर्वनाम 'लो'. फोन करणे, तेलेफोनारे, 'आ' घेतं, म्हणून सर्वनाम 'ल्यी'. आपण दोन्हीकडं 'ल्यी' टाकतो आणि पहिलं चुकतं. आपण 'तिच्याशी' लग्न करतो, त्यांचं स्पोझारे सरळ तिलाच कर्म करतं. आपण माणसा'वर' विश्वास ठेवतो, त्यांचं फिदार्सी 'दि' मागतं, आपल्या 'चा'च्या जवळचं. आपली शेती पावसा'वर' अवलंबून, त्यांची दिपेन्देरे 'दा', म्हणजे जवळजवळ 'पावसापासून'. आभार मानताना आपण 'त्याचे' म्हणतो, त्यांच्या रिंग्रात्सियारेला पुन्हा सरळ कर्म. क्रियापद पाठ करताना एकटं पाठ करू नका. 'दिपेन्देरे दा' असा जोडशब्दच समजून वहीत लिहा.

आणि अव्ययं काळ-अर्थही मागतात. 'बेंके' म्हणजे 'जरी', ते आलं की पुढं क्रियापद 'कोंजुन्तीव्हो' या रूपातच, म्हणजे शंका-इच्छा दाखवणाऱ्या रूपात. त्यांची पुस्तकं लिहितात, 'बेंके रेज्जे इल कोंजुन्तीव्हो'. तोच रेज्जेरे, खांब आणि छत.

मारेगाव_रोड

उपपदताई, दप्तरभाऊ, धन्यवाद. धड्याच्या शेवटी 'प्रोपोझित्सियोने रेज्जेन्ते' असं आहे. मी 'मुख्य वाक्य' लिहून ठेवलंय. बरोबर?

उपपद

बहुतेक वेळा बरोबर, नेहमी नाही. 'मला वाटतं की तो म्हणाला की कापूस ओला आहे.' यात 'मला वाटतं' हे मुख्य वाक्य. 'तो म्हणाला' हे त्याच्या हाताखालचं, गौण. पण 'कापूस ओला आहे' हे 'तो म्हणाला'च्या हाताखाली. म्हणजे मधलं वाक्य गौण असूनही तिसऱ्यासाठी रेज्जेन्ते आहे. नायब तहसीलदारासारखं: वर साहेब, खाली मंडळ. म्हणून 'आश्रयवाक्य' किंवा 'आधारवाक्य' लिहा आणि 'मुख्य' हा शब्द सगळ्यात वरच्यासाठी राखून ठेवा.

तुम्ही विचारलंच होतं की शब्द एक की दोन. मूळ एकच, लॅटिन 'रेगेरे', सरळ रेषेत नेणं, चालवणं. आपला 'राजन्' आणि 'ऋजु' त्याच घराण्यातले. मध्ययुगातल्या लॅटिन वैयाकरणांनी तो वाक्यरचनेसाठी उचलला, आणि दुसरी फांदी राजाच्या गादीवरून कचेरीत उतरली. चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञानं १९७९ साली इटलीत पिसा इथं वाक्यरचनेच्या सिद्धान्तावर दिलेली व्याख्यानं १९८१ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्या सिद्धान्ताच्या इटालियन नावातही 'रेज्जेन्त्सा' आहे, पण तिथं ती फार तांत्रिक अर्थानं येते, तुमच्या धड्याशी तिचा संबंध जोडू नका.

कोशातला राजप्रतिनिधीही अगदी खोटा नाही. सान मारिनो या चिमुकल्या देशात आजही दोन 'कापितानी रेज्जेन्ती' एकाच वेळी राष्ट्रप्रमुख असतात. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतात, सहा-सहा महिन्यांनी. तिथं रेज्जेन्त्सा म्हणजे सर्वोच्च पदच. रिकाम्या खुर्चीचा तिथं प्रश्नच नाही.

शिक्का_मोर्तब

उशिरा येतोय, पण कागद शाळेत द्यायच्या आधी हे पाहा.

इटली आणि भारत दोघंही अपोस्टिलच्या (एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून लावायच्या दाखल्याच्या) करारात आहेत, त्यामुळं इटलीतच अपोस्टिल लागलं असेल तर इथं पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. शाळेच्या कागदाला ते तिथली 'प्रेफेत्तूरा' (केंद्र सरकारचं जिल्ह्यातलं कार्यालय) देते. 'प्रोकूरा'कडं (सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडं) न्यायालयाचे आणि नोटरीचे कागद जातात. अपोस्टिल हा चौकोन, आत दहा क्रमांक. दोन नंबरला सही करणाऱ्याचं नाव आणि तीन नंबरला 'आजेन्ते इन क्वालिता दि', म्हणजे कोणत्या पदाच्या अधिकारात सही केली. आता कळेल वर एवढी घासाघीस का झाली. सहीखाली 'रेज्जेन्ते' असेल आणि तीन नंबरला काही असेल, तर भाषांतरात दोन्ही जागी जसं आहे तसं उतरलं पाहिजे. तुम्ही एका ठिकाणी 'प्रभारी', दुसऱ्या ठिकाणी 'मुख्याध्यापक' केलंत तर तपासणाऱ्याला दोन माणसं वाटतील.

दोन सापळे आहेत. एक: सहीच्या जागी सहीच नाही, नुसतं छापील नाव आणि खाली बारीक अक्षरात १९९३ च्या ३९ क्रमांकाच्या वटहुकुमाचा, कलम ३ चा उल्लेख. त्याचा अर्थ 'हाताच्या सहीऐवजी छापील नाव ग्राह्य'. इटलीत चालतं. पण अपोस्टिलसाठी हाताची सही लागते, म्हणून तशी प्रत घेऊन कुणी आलं असेल तर शाळेकडून सही केलेली प्रत मागवावी लागते. दोन: कागदावर ठळक वाक्य असतं की हे प्रमाणपत्र सरकारी कार्यालयांना सादर करता येणार नाही. ते वाचून इथले लोक घाबरतात. ती बंदी इटलीच्या स्वतःच्या कार्यालयांपुरती आहे, २०११ च्या १८३ क्रमांकाच्या कायद्यानं आलेली. परदेशासाठी दिलेल्या प्रतीवर 'फक्त परदेशात वापरासाठी' अशा अर्थाची ओळ असते, ती शोधा.

भाषांतराखाली स्वतःचं नाव, 'इटालियनमधून मराठीत', तारीख आणि सही घाला. नोटरी मागितली तर तो तुमच्या सहीची साक्ष देतो, भाषांतर बरोबर आहे याची नाही. चूक झाली तर ती तुमचीच.

आणि हे सगळं होईपर्यंत पोराला घरी बसवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मानलं बाप्पा. एका सहीसाठी सान मारिनोपर्यंत जाऊन आलो आपन.

मारेगाव_रोड

असं लिहिलंय, पाहून सांगा:

'ना हरकत दाखला. विद्यार्थी माध्यमिक पहिला टप्पा, दुसरे वर्ष (इयत्ता सातवीशी समकक्ष) या वर्गात शिकत होता. शिक्का नसलेला कागद. — (सही) अतिरिक्त कार्यभार धारण करणारे मुख्याध्यापक (दिरिजेन्ते स्कोलास्तिको रेज्जेन्ते).'

अपोस्टिलवर तीन नंबरला पण 'दिरिजेन्ते रेज्जेन्ते'च आहे, तिथंही तेच शब्द ठेवले. छापील नाव नाही, शाईची सही आहे.

शिक्का_मोर्तब

बाकी ठीक. 'शिक्का नसलेला कागद' काढा. मुळात 'एझेन्ते दा बोल्लो' असणार. 'बोल्लो' म्हणजे मुद्रांकाचं तिकीट, शाळेचा गोल शिक्का तो 'तिम्ब्रो'. 'मुद्रांक शुल्क माफ' असं लिहा. आणि गोल शिक्का जिथं उमटलाय तिथं भाषांतरात चौकटी कंसात 'शाळेचा गोल शिक्का' असं लिहून त्यातली अक्षरंही उतरवा, अर्धी पुसली असतील तर 'अस्पष्ट' लिहा.